जुन्या पायऱ्या आणि सुगम्यतेचा कायदा

बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या वास्तू चढउतार गृहीत धरूनच उभ्या राहिल्या. लोणारचे दैत्यसूदन मंदिर उंच जोत्यावर आहे; तिथल्या उल्काविवरातील देवळांकडे जायचे तर पायऱ्या आणि खडकाळ पायवाट उतरावी लागते. चाकाच्या खुर्चीचा विचार त्या काळी होणे शक्यच नव्हते.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सार्वजनिक इमारतींत रॅम्प सांगितले, पण सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ही पळवाट फार महागात पडली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम आल्यापासून ५ वर्षांची मुदत ठरली. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. मुदत २०२२ मध्ये संपली. रॅम्पचा उतार १:१२ असावा लागतो, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीसाठी १.८ मीटर लांबी. चार पायऱ्यांच्या कचेरीपुढे ७.२ मीटर जागा हवी, आणि तीच अनेकदा नसते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके ऐच्छिक ठेवणारा नियम कायद्याविरुद्ध ठरवला. संरक्षित स्मारकात बदलाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. साध्या कचेरीला किंवा शाळेला ती सबब नाही.