टेलिफोनच्या तारेवरून गणकयंत्राशी संभाषण

गणकयंत्र एका गावी आणि त्यास गणित घालणारा दुसऱ्या गावी, असा प्रयोग ता. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत झाला. जॉर्ज स्टिबिट्झ या संशोधकाने टेलिफोन केंद्रातील रिले जोडून रचलेले यंत्र न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत होते. गणितज्ञांची सभा मात्र दूर हॅनोव्हर येथील डार्टमाउथ कॉलेजात भरली होती. सभास्थानी टेलिप्रिंटरवर गणित टाइप करावे आणि थोड्याच वेळात तारेने आलेले उत्तर तेथेच छापले जावे, हा प्रकार जमलेल्या विद्वानांनी प्रत्यक्ष पाहिला.

ती सोय खास जोडलेल्या तारेची होती. घरोघरची टेलिफोनची तार मनुष्याच्या आवाजासाठी योजिलेली असून, सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० आवर्तनांचाच ध्वनी ती वाहून नेते. गणकयंत्राची भाषा तर केवळ एक आणि शून्य यांची. सबब या दोहोंमध्ये एक दुभाष्या हवा होता. तोच मोडेम होय. १९६२ साली निघालेल्या बेलच्या १०३ क्रमांकाच्या मोडेममध्ये हाक मारणारे यंत्र एकासाठी १२७० व शून्यासाठी १०७० आवर्तनांचा स्वर काढी, तर उत्तर देणारे अनुक्रमे २२२५ व २०२५ आवर्तनांचा. स्वर निराळे असल्यामुळे एकाच तारेवर दोघांनाही एकाच वेळी बोलता येई. वेग सेकंदास ३०० अंक, म्हणजे सुमारे ३० अक्षरे.

दुभाष्या लाभला, तरी दार बंदच होते. कंपनीच्या तारेस परकी वस्तू जोडण्यास अमेरिकेत मनाई होती. या मनाईचा जाच बधिरांस विशेष झाला. टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल हा बधिरांचा शिक्षक. परंतु त्याचे यंत्र त्यांच्याच उपयोगी पडत नव्हते. रॉबर्ट वाइटब्रेक्ट या पदार्थवैज्ञानिकास स्वतःसच ऐकू येत नसे. १९६४ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी साधी युक्ती योजिली: टेलिफोनचा रिसीव्हर दोन खोलगट वाट्यांत ठेवावा, यंत्राने त्याच्या तोंडाशी स्वर काढावा व कानाशी ऐकावा, आणि आलेला मजकूर टेलिप्रिंटरने छापावा. तारेस कोठेही स्पर्श नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असाच हा प्रकार. अशाच वाट्यांत रिसीव्हर ठेवून पुढे अनेकांनी दूरच्या गणकयंत्राशी संधान बांधले.

अखेर १९६८ साली, टेक्ससच्या टॉमस कार्टर याच्या तक्रारीवरून, टेलिफोन व्यवस्थेस अपाय न करणारे उपकरण जोडण्याची मोकळीक सरकारी आयोगाने दिली. १९८१ चा हेज स्मार्टमोडेम तर आज्ञा मिळताच स्वतः क्रमांक फिरवू लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मुंबईच्या घरांतही मोडेमचे तेच कर्कश स्वर उमटू लागले.

तार कंपनीची असली, तरी तीवरून काय बोलावे व कोणत्या साधनाने बोलावे, हे ठरविण्याचा अधिकार बोलणाऱ्याचा असतो. मोडेम घरोघर पोचला तो या अधिकारास मान्यता मिळाली म्हणूनच. आणि तो मार्ग प्रथम शोधणाऱ्यांत, ज्यांस टेलिफोनची घंटाही ऐकू येत नव्हती असे लोक होते.