वलणाचा दिवस

आमच्या घरात शेअरबाजाराचा इतिहास गाद्यांपासून सुरू होतो. अमेरिकेत लढाई पेटली आणि मुंबईत कापसाला असा काही भाव आला, की गिरगावातल्या लोकांनी अंगाखालच्या गाद्या उसवून कापूस विकला आणि स्वतः सतरंजीवर झोपले, असं आजोबा सांगायचे. त्यांना ते त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. आजोबांचे हे आजोबा कुलाब्याच्या कापूस बाजारात मुकादम होते. आपल्याही गाद्या उसवल्या होत्या का, असं विचारलं की आजोबा नुसते हसत. पुढे मुंबईच्या इतिहासावरच्या पुस्तकांत गाद्यांची हीच गोष्ट भेटली. ती आमच्या घरची नसून अख्ख्या शहराची होती, हे तेव्हा कळलं.

लढाई म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध. १८६१ च्या एप्रिलमध्ये ते सुरू झालं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या गुजरात, खानदेश, वऱ्हाडच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैसा एवढा आला की तो ठेवायचा कुठे, हाच प्रश्न झाला. मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० पर्यंत चढला. जमीन अजून पाण्याखालीच होती. या सगळ्याच्या मध्यभागी तिशीतले दलाल प्रेमचंद रायचंद होते. ते ज्या कंपनीला हात लावतील, तिचे शेअर मिळावेत म्हणून लोक त्यांच्या दारात रांग लावत. बँक ऑफ बॉम्बे तर शेअरच तारण ठेवून कर्ज देत होती, आणि त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात होते.

त्या काळातले कितीतरी सौदे वायद्याचे होते. आज भाव ठरवायचा, शेअर आणि पैसे पुढच्या ठरल्या तारखेला. अशा असंख्य वायद्यांची तारीख एकच होती, १ जुलै १८६५. त्याआधीच, एप्रिलमध्ये, दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. ही बातमी मुंबईत पोचली तसा कापूस पडला आणि कापसामागून सगळं पडलं. १ जुलैला ज्याला पैसे यायचे होते तोही बुडाला, कारण देणारा आधीच बुडाला होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान माणसालाही या सट्ट्याची जबर झळ बसली. बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली.

मुकादम पणजोबांबद्दल (नातं त्याहून एक पिढी मागचं, पण आम्ही सगळे पणजोबाच म्हणतो) घरात दोन कथा आहेत. आजोबांच्या कथेत त्यांनी चार जणांत मिळून एका जमीन कंपनीचा शेअर वायद्याने घेतला होता आणि जुलैत पणजीच्या पाटल्या गेल्या. आजीच्या कथेत पाटल्या शाबूत राहिल्या, खेतवाडीतली खोली गेली. एका मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत होतं: लढाई संपणार हे पणजोबांना आधीच कळलं होतं. गोदीवरच्या एका खलाशाने सांगितलं होतं म्हणे.

या खलाशावर माझा विश्वास नाही. मंदी येऊन गेली की ती आधीच ओळखलेला एखादा माणूस प्रत्येक घरात निघतो. पण खलाशी खरा धरला, तरी माझ्या मनात येतो तो पुढचा प्रश्न. पणजोबांना कळलं होतं, तर ते सुटले का नाहीत? तो आजोबांना विचारला तेव्हा त्यांनी हिशेबनिसाचं उत्तर दिलं. "कळून काय करणार? घेणारा कुठे होता? भाव पडला म्हणून माणूस बुडत नाही. वलणाच्या दिवशी हातात पैसे नसले, की बुडतो."

वलण म्हणजे सौद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस. आजोबांचं सगळं आयुष्य वलणांवर मोजलेलं. दलाल स्ट्रीटवरच्या एका गुजराती पेढीत ते हिशेबनीस होते. शेअरदलाल आधी टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमत, १८६५ नंतर त्यांना कुणी दारात उभं करीना, मग १८७४ च्या सुमारास त्यांनी या गल्लीत बस्तान बसवलं आणि १८७५ मध्ये ३१८ जणांनी एकेक रुपया भरून आपली संघटना काढली, हे ते अगदी आपल्या घराण्याची वंशावळ सांगावी तसं सांगत. त्यांची मराठी गल्लीत अर्धी गुजराती होऊन जाई आणि संध्याकाळी गिरगावात परत शुद्ध होई. रिंगणात ओरडून सौदे करणारे वेगळे. आजोबांच्या वाट्याला शेअरची सर्टिफिकिटं, ट्रान्सफर फॉर्म, सह्यांची ताडणी आणि बदल्याची वही.

बदल्याची वही त्यांना तोंडपाठ होती. एखाद्याने शेअर घेतले आणि वलणाला पैसे नसले, तर दुसरा कुणीतरी त्याच्यासाठी पैसे भरे आणि सौदा पुढच्या वलणावर ढकलला जाई. या ढकलण्याची किंमत म्हणजे बदला. तेजीत तो आनंदाने देत, मंदीत तोच फास होई. आजोबा म्हणत, वहीवरून मला तेजी-मंदी कधी कळली नाही, पण कोणाला किती दिवस धीर धरता येईल हे पानभर लिहिलेलं असायचं. पेढीचे शेठ सकाळी भाव विचारत. आजोबा अमक्याचं देणं कधी आहे ते पाहत.

मंदीवाल्यांनाही तारीख सोडत नाही, हा १९८२ चा किस्सा ते निवृत्त झाल्यावरही रंगवून सांगत. कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी हातात नसलेले रिलायन्सचे शेअर विकून भाव पाडायला घेतला. समोरून कोणीतरी शांतपणे घेत राहिलं. एप्रिलअखेरच्या वलणाला घेणाऱ्यांनी बदला नाकारला आणि शेअर मागितले. शेअर आणायचे कुठून? बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, भाव उलटा चढत गेला. शेअर कधीतरी पडलाही असता, पण त्या वलणाआधी पडला नाही.

पणजोबांनंतर घरात शेअर घेणारी पहिली व्यक्ती आजोबा नव्हते, आत्या होती. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला वाटा ४० टक्क्यांवर आणायचा होता, म्हणून १९७८ च्या आसपास त्या जनतेला शेअर देऊ लागल्या. विक्रीचा भाव सरकारी कंट्रोलर ठरवी आणि तो कमीच असे. आत्याने फोर्टातल्या फुटपाथवरून अर्ज आणले, भरले, काहींत नंबर लागला. आजोबांना धसका बसला होता तो १९७४ चा. सरकारने वटहुकूम काढून लाभांशावर मर्यादा घातली, भाव कोसळले आणि गल्ली बंद पडली होती. "बाजार चढलाय, जरा थांब," असं ते आत्याला म्हणाले. आत्या म्हणाली, "अण्णा, मला बाजाराचं काही कळत नाही. पण हे पैसे मला निवृत्त होईपर्यंत लागणार नाहीत." आजोबांनी पुन्हा तिला अडवलं नाही. तारखेचं गणित त्यांच्याच वहीतलं होतं.

मग १९९२. काकांच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला राहून भाव चालत. जुलै १९९० मध्ये १,००० ओलांडणारा सेन्सेक्स २२ एप्रिल १९९२ ला ४,४६७ वर बंद झाला. एसीसीचा शेअर काही महिन्यांत दोनशेच्या घरातून ९,००० च्या घरात गेल्याच्या कथा लोकलमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना सांगत. या तेजीतला बडा दलाल हर्षद मेहता, त्याच्या गाडीचं वर्णन आमच्या वाण्यालाही पाठ होतं. काकांनी पतपेढीचं कर्ज काढलं. त्यांना वाटलं होतं, दिवाळीला शेअर विकून कर्ज फेडू आणि वर नफ्यात डोंबिवलीत जागा बघू.

२३ एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली. बँकांनी सरकारी रोख्यांच्या व्यवहारांसाठी दिलेला पैसा मेहतामार्फत शेअरबाजारात फिरत होता. तो थोड्या दिवसांच्या मुदतीचा होता आणि परत मागितल्यावर द्यायला नव्हता. वयाने थकलेले आजोबा पेपर बाजूला ठेवत म्हणाले, "म्हणजे ह्यालाही वलणच नडलं." २८ एप्रिलला सेन्सेक्स एका दिवसात ५७० अंशांनी पडला. काकांचा हप्ता पगारातून कापला जात होता, त्यात खंड नाही. वर्षभरात त्यांनी मिळेल त्या भावाला शेअर विकले. सप्टेंबर १९९४ मध्ये सेन्सेक्सने ४,६०० चा आकडा पाहिला तेव्हा काकांकडे एकही शेअर नव्हता. ते आजही सांगतात की पडणार हे त्यांना माहीत होतं. मला त्यांच्या कथेत गोदीवरचा खलाशी दिसतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की शेअर घ्यावेत आणि विसरून जावेत. हा उपदेश सोपा आहे आणि अपुरा आहे. बॅक बे कंपनीचा शेअर धरून बसलेल्याला धीराचं फळ मिळालं नाही, कंपनीच विसर्जित झाली. तिने बुजवलेली किनाऱ्याची पट्टी रेल्वेच्या कामी आली. चर्चगेट ते मरीन लाइन्स लोकलने जाताना आजोबा खिडकीतून बोट दाखवत, "ही बघ आपल्या पणजोबांची जमीन." आत्याच्या ट्रंकेत दोन कंपन्यांची सर्टिफिकिटं अजून आहेत, सुंदर नक्षीची, आणि त्या कंपन्या कधीच संपल्या. तिचं सगळं भलं झालं ते उरलेल्या सहा-सातांमुळे. सगळे पैसे त्या दोघींतच असते, तर निवृत्तीपर्यंत थांबूनही हाती कागदच आले असते.

चांगला बाजार धरूनही थांबणं फुकट नसतं. २२ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्समधल्या कंपन्या घेणाऱ्याच्या पदरी अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, लाभांश सोडला तर तोटाच होता. निर्देशांक ३,००० च्या खाली होता. त्याच काळात बँकेच्या मुदत ठेवीवर बराच काळ दोन आकडी व्याज मिळत होतं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला तेव्हा तोच माणूस शहाणा ठरला. अकराव्या वर्षी मुलीचं लग्न निघालेला मूर्ख ठरला, सोळाव्या वर्षी निघालेला दूरदर्शी. दोघांनी खरेदी एकाच दिवशी केलेली.

बाहेर पडून तळाची वाट पाहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. २००८ च्या ऑक्टोबरात सेन्सेक्स ८,५०० च्या आसपास आला. आत्याच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका गृहस्थांनी सगळं विकलं आणि निवडणुका होऊन स्थिरता आली की परत घेऊ असं ठरवलं. निकाल शनिवारी लागला. सोमवारी, १८ मे २००९ ला, बाजार उघडला आणि काही क्षणांत वरच्या सर्किटला लागून थांबला. पुन्हा उघडला, पुन्हा थांबला. त्या दिवशी निर्देशांक २,११० अंशांनी, १७ टक्क्यांहून जास्त चढला आणि त्यांना एक शेअर घेता आला नाही. स्थिरता आली ती भावात बसूनच आली. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी पडून २५,९८१ वर आला तेव्हा देश घरात कोंडला जाण्याच्या बेतात होता, चांगली बातमी कुठेही नव्हती. नोव्हेंबरात त्याने नवा उच्चांक केला. तळाच्या दिवशी तळ असा ओळखू येत नाही, आणि फार मोठ्या चढाचे दिवस फार मोठ्या पडझडीच्या शेजारीच राहतात.

बदला २००१ मध्ये कायमचा बंद झाला, सर्टिफिकिटं डीमॅट झाली, आता सौदा दुसऱ्या दिवशी पुरा होतो. आजोबांची वही इतिहासजमा झाली असं मी समजत होते. पण माझा भाचा मोबाइलवर ऑप्शन्स करतो, आणि त्याच्या बोलण्यात दर आठवड्याला एक्स्पायरी असते. पंधरवड्याचं वलण आठवड्यावर आलं आणि खिशात मावू लागलं, एवढाच फरक. बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात गेले. त्यांतल्या कितीतरी जणांचा बाजाराबद्दलचा अंदाज बरोबरही असेल. तो गुरुवारी खरा ठरायला हवा होता आणि सोमवारी ठरला.

मागच्या महिन्यात भाचा विचारत होता, "मावशी, बाजार खूप चढलाय. आता घेऊ का पडायची वाट बघू?"

मी म्हटलं, "पैसे कुठले आहेत?"

"पुढच्या सेमिस्टरची फी. जानेवारीत भरायची आहे."

"मग कधी विकायचं ते कॉलेजने आधीच ठरवलंय. फी बँकेत ठेव."

तो नाराज झाला. त्याला बाजाराबद्दल काही ऐकायचं होतं. ट्यूशनमधून दरमहा जे थोडे उरतात त्यांचं काय, असं त्याने दोन दिवसांनी फोनवर विचारलं, आणि त्यावर आम्ही तासभर बोललो.