औंधचें कलाकोठार

मंगळवेढें म्हटलें कीं आपणांस दामाजीपंत आठवतात. दुष्काळांत बेदरच्या बादशहाचें धान्यकोठार त्यांनीं उपाशी लोकांस मोकळें करून दिलें, असें परंपरा सांगते. कोठारांतला माल धन्याचा कीं लोकांचा, हा त्या कथेंतला खरा प्रश्न. त्याच मंगळवेढ्याहून पश्चिमेस निघून सांगोला मागें टाकला कीं आटपाडीचा मुलूख लागतो. संस्थानी काळांत मंगळवेढें सांगलीकर पटवर्धनांकडे होतें, तर आटपाडी औंधकर पंतप्रतिनिधींकडे. आज मी बोलणार आहें तें या औंधच्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींविषयीं. त्यांच्या ठिकाणीं धनी आणि कोठाराचा राखणदार एकच होता.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. बी. ए. झालेल्या या राजपुत्रास गादी मिळाली ती १९०९ मध्यें, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठीं माळरान देणारे, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले, कीर्तनाला उभे राहणारे असे हे राजे. १९३५ सालीं इंदूरच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्षही झाले. परंतु त्यांचा जीव खरा रमला तो चित्रांत. स्वतः कुंचला धरून त्यांनीं चित्ररामायण रंगविलें. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सचित्र काढावी म्हणून १९१८ मध्यें एक लाख रुपये देण्याचें वचन त्यांनीं दिलें. वेरुळावर १९२९ मध्यें आणि अजिंठ्यावर १९३२ मध्यें त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. स्पष्टच सांगावयाचें तर चित्रकार म्हणून ते पहिल्या प्रतीचे नव्हते. हात मेहनती होता, पण प्रतिभेची झेप नव्हती. मात्र दुसऱ्याची प्रतिभा ओळखणारी नजर त्यांना होती, आणि संग्राहकाला तीच हवी असते.

या नजरेनें काय वेंचलें? रविवर्म्याचीं तैलचित्रें, धुरंधरांचीं चित्रें, बंगाली संप्रदायाच्या कृति, पहाडी लघुचित्रें, पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृति आणि या साऱ्यांच्या सोबतीला हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता व बालक यांची पाषाणमूर्ति. पुढें जगभर गाजलेल्या या शिल्पकाराचें काम खटाव तालुक्यांतील खेड्यांत यावें, याचें नवल कोणासही वाटेल. कित्येक संस्थानिकांच्या घरीं अशा वस्तु दिवाणखान्यांत पाहुण्यांपुरत्या राहत. बाळासाहेबांनीं १९३८ मध्यें यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारून त्या लोकांपुढें मांडल्या. मुंबईपुण्याचा रसिक येथवर कशाला येईल, अशी शंका कोणी घेतली असती तर ती गैर म्हणतां आली नसती. स्टेशन रहिमतपूरचें, तेथून पुढें गाडीरस्ता.

आणि हेंच त्यांच्या राज्याचेंही झालें. १९३९ च्या जानेवारींत, गांधीजींच्या सल्ल्यानें तयार झालेल्या घटनेप्रमाणें, त्यांनीं सत्ता प्रजेच्या हातीं दिली. चित्रांचें दार उघडल्यानंतर लगेचच कचेरीचेंही दार उघडलें. हा निव्वळ योगायोग होता, असें मला वाटत नाहीं. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची मोकळी वसाहतही सुरू झाली.

१९४८ मध्यें औंध विलीन झालें, १९५१ मध्यें बाळासाहेब गेले. राज्य गेलें तरी संग्रह विखुरला नाहीं. आतां तो महाराष्ट्र शासनाकडे आहे. यमाईच्या दर्शनाला डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूच्या वाटेवरच ही इमारत आहे.