खुंट, दावा आणि देवाची मालकी

इंग्रजीत ‘टु स्टेक अ क्लेम’ असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्या वस्तूवर, पदावर अथवा श्रेयावर इतरांच्या आधी आपला हक्क जाहीर करणे, हा त्याचा रूढ अर्थ. ‘स्टेक’ म्हणजे खुंट. ‘क्लेम’च्या मुळाशी मोठ्याने ओरडणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले, तेव्हा खाणकरी चार कोपऱ्यांना खुंट ठोकून आपापला तुकडा आखून घेत. मात्र खुंट ठोकून स्वस्थ बसण्याची सोय नव्हती. १८७२ च्या अमेरिकी कायद्याने अशा तुकड्यावर दरसाल निदान शंभर डॉलरांचे काम झालेच पाहिजे, अशी अट घातली. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ लोकांना कोणी विचारले नव्हते, हे या चटपटीत वाक्प्रचाराच्या पोटात दडले आहे.

आपण ‘दावा सांगतो’. हा शब्द अरबी. फारसी दप्तराच्या वाटेने तो मराठीत आला. (गुरे बांधण्याचे ‘दावे’ निराळे, ते संस्कृत ‘दाम’ शब्दाचे अपत्य, तरी खुंटाजवळ दोघांची गाठ पडावी, हा मौजेचा योग खराच.) मराठे माळव्यात उतरले तेव्हा तेथे कोरी जमीन अशी नव्हतीच. हक्क ठरे तो सनदेने, चतुःसीमेच्या नोंदीने आणि वहिवाटीने.

उज्जयिनीतील देवास गेट हा भाग आज तेथील बसस्थानकामुळे सर्वांना ठाऊक आहे. वेशीला परगावचे नाव असले, तरी त्या गावाचा तिच्यावर हक्क पोचत नाही. नाव फक्त वाट दाखविते. ही वाट ज्या देवासला जाते, तेथे मात्र हक्काची गोष्ट विलक्षण झाली. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी तेथे सत्ता स्थापिली. पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. राजधानीचे गाव मात्र एकच राहिले. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार! १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून राहिलेल्या फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला या व्यवस्थेचे मोठे नवल वाटले होते. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या.

उज्जयिनीचे महाकालेश्वराचे मंदिर अल्तमशाच्या १२३४-३५ च्या स्वारीत उद्‌ध्वस्त झाले होते. ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उभारले राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. हे शेणवी घराण्यातील गृहस्थ आपल्या वाचकांना परके नाहीत. द्रव्य त्यांचे, अधिकार त्यांच्या हाती. खुंट ठोकावयास याहून चांगली संधी कोणती? परंतु आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे प्रतिष्ठा आणि उत्सर्ग झाल्यावर देवाला दिलेल्या वस्तूवरील दात्याचे स्वत्व सुटते.

न्यायालयांनीही हाच मार्ग धरला. देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या खटल्यात स्पष्ट केले. उज्जयिनी ज्या ग्वाल्हेर संस्थानात होती, तेथील ‘कानून माल’ संवत्‌ १९८३ चा. त्याचा विचार पुढे मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. ६ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की जमिनीच्या कागदात मालकाच्या रकान्यात केवळ देवतेचे नाव असावे; पुजारी हा व्यवस्था पाहणारा सेवक, भूमिस्वामी नव्हे.

कित्येक पिढ्या दिवाबत्ती सांभाळलेल्या घराण्यांना हे कडू वाटले असल्यास आश्चर्य नाही. परंतु त्याच निर्णयाची दुसरी बाजू कमी लोकांनी वाचलेली दिसते. जे देवस्थान सरकारकडे निहित झालेले नाही, त्याच्या जमिनीवर व्यवस्थापक म्हणून जिल्हाधिकाऱ्याचे नावही लावता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे.