पितळेचा ड्रॅगन आहे, तांब्याचा आहे, मग लोखंडाचा का नाही?

मंडळी, या विकांताचा विषय जरा आडवळणाचा आहे. ड्रॅगन! पण चिनी नव्हे, आणि सिनेमातलेही नव्हेत. आज बोलायचंय ते 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातल्या धातूंच्या ड्रॅगनांबद्दल, आणि त्या निमित्ताने आपल्या शिरूर-दौंडबद्दल. दोन्हींचा संबंध काय? सांगतो, थोडा धीर धरा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि अडलं की फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून आला. पहिल्या आवृत्तीत ड्रॅगन सहाच होते. पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी. त्यातला सोनेरी तेवढा सज्जन, बाकीचे एकजात नसले तरी बहुतेक वाईट चालीचे. पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी आली आणि तिच्यात पितळ, तांबं, कासं आणि चांदी असे चार धातू दाखल झाले. वर त्यांचा राजा, प्लॅटिनमचा. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये त्याला बहामुत हे नाव मिळालं. तेव्हापासून नियम पक्का झाला: रंगाचे ड्रॅगन दुष्ट, धातूचे ड्रॅगन सुष्ट.

यादी नीट बघा. सोनं, चांदी, तांबं ही मूळ धातू. कासं म्हणजे तांबं अधिक कथील, पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. म्हणजे एकट्या तांब्याच्या घरातले तीन ड्रॅगन, आणि लोखंडाचा एकही नाही!

आपल्याकडच्या कुठल्याही आजीला या तिघांतला फरक पुस्तक न वाचता कळतो. पाणी तांब्याच्या घागरीत, स्वयंपाक कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात, आणि तळपायाला तूप चोळायला काशाची वाटी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, कारण आंबटाचं आणि तांब्याचं जमत नाही. गंमत म्हणजे खेळातला तांब्याचा ड्रॅगन तोंडातून चक्क आम्ल फेकतो. आजीने त्याला स्वयंपाकघरात पाऊलही टाकू दिलं नसतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव सापडलं. घरं, धान्याच्या कणग्या, तोटीची भांडी, घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. या लोकांच्या संस्कृतीला आपण 'ताम्रपाषाण' म्हणतो, पण त्यातला पाषाण भरपूर आणि ताम्र अगदी थोडं. रोजचं कापणं-चिरणं दगडी पात्यांनी व्हायचं. तांबं लांबून यायचं, म्हणून ते जपून वापरायचं.

तांब्याचा खरा थाट बघायचा तर थोडं उत्तरेला, प्रवरेच्या काठी दायमाबादला जायला हवं (अहिल्यानगर जिल्हा, तेव्हाचा अहमदनगर). तिथे एका शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी भरीव ओतकामाची चार शिल्पं मिळाली, सगळी मिळून साठ किलोंच्या वर. साल कुठलं? १९७४! तिकडे अमेरिकेत कागदावर सोनेरी ड्रॅगन जन्माला येत होता, आणि इकडे मातीतून धातूचे खरेखुरे प्राणी वर येत होते. या शिल्पांच्या तांब्यात आर्सेनिक आढळलं, त्यावरून त्यांचा काळ नेमका कुठला यावर विद्वानांचे वादही झाले.

मग पितळ? ते फार उशिराचं. कारण साधं आहे. तांबं वितळतं सुमारे १०८५ अंशांना, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होऊन उडून जातं. ती वाफ पकडून शुद्ध जस्त काढण्याची विद्या राजस्थानात झावरला मोठ्या प्रमाणावर विकसित झाली. म्हणजे खेळात सगळ्यात हलका, वाळवंटात गप्पा मारत बसणारा जो पितळी ड्रॅगन, तो तंत्रज्ञानाच्या हिशेबाने या घराण्यातला सगळ्यात अवघड!

आणि लोखंड? विदर्भात नागपूरजवळ नायकुंडला महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे. लोखंड आलं आणि जंगलतोड, शेती, लढाई, सगळंच बदललं. पण ते गंजतं, चमकत नाही, देव्हाऱ्यात बसत नाही. माझं मत असं की खेळाच्या यादीत जे झालं तेच समाजात झालं. सोनाराची पेढी होते, तांबटांची पुण्यात आळी होते, आणि घिसाडी मात्र भाता बैलगाडीवर टाकून गावोगाव फिरतो. नांगराचा फाळ ज्याच्याकडून घ्यायचा त्याला गावात घर नाही. मान चकाकीला मिळतो, उपयोगाला नाही.

खेळाने मात्र चूक हळूहळू सुधारली. आधी पोलादी ड्रॅगन आला, जो माणसाचं रूप घेऊन शहरात राहतो. मग लहरी स्वभावाचा पाऱ्याचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'ड्रॅगन' मासिकाने लोखंड, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आणि टंगस्टन असं वेगळं घराणंच काढलं. आणि २००९ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल २' मध्ये पितळ आणि कासं बाजूला सारून लोखंड आणि अॅडमंटाइन मुख्य पाचांत बसवले. जुन्या खेळाडूंना ते मुळीच रुचलं नाही! पाचव्या आवृत्तीत पितळ-कासं पुन्हा आत आणि लोखंड पुन्हा बाहेर. परंपरा जिंकली म्हणायची.

तरी दौंडकरांनी वाईट वाटून घेऊ नये. १८७८ साली धोंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला (इंग्रज दौंडला धोंड लिहायचे) आणि आपलं गाव जंक्शन झालं. आग खाणारा, धूर ओकणारा लोखंडी प्राणी आपल्याकडे गायगॅक्सच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी येऊन गेलाय. फक्त त्याला कुणी ड्रॅगन म्हटलं नाही, एवढंच.

असो. तुमच्या घरात काशाची वाटी अजून असेल तर माळ्यावरून खाली काढा. आणि घिसाड्याकडून विळा घेताना घासाघीस जरा कमी करा.