‘साबर बोंडं’ : प्रांजळपणा आणि वास्तव

मराठी कलेला समलिंगी प्रेमाचा विषय वर्ज्य नव्हता. परंतु तो बहुधा शोकांतिका वा समस्या होऊनच आला. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातील सुमित्रेची परिणती आत्मनाशात होते. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) चित्रपटात दोन स्त्रियांची जवीळक महिलाश्रमाच्या शिस्तीचा प्रश्न ठरते. दोन्ही कृती धीट खऱ्या. तथापि त्या प्रेमाला साधे, रोजचे जगणे लाभले नाही.

ते लाभले रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटात. २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक मिळाले. वडिलांच्या निधनानंतर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि बालमित्र बाळ्याशी त्याचा स्नेह पुन्हा जुळतो. पार्श्वसंगीत नाही, आवेशाची भाषणे नाहीत. सुतकाचे नियम, भाऊबंदांची ये-जा, ‘लग्न कधी?’ हा प्रश्न आणि मुलाला समजून घेणारी आई, एवढ्यावर कथा उभी आहे. सांबऱ्याच्या कोणत्याही घराला यातले सुतक परके वाटणार नाही. म्हणूनच त्यातले प्रेमही परके वाटत नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. घराच्या उंबऱ्याआतला संकोच मात्र निकालाने जात नाही. तेथे प्रांजळ कलाच पोहोचते. आपल्या वर्गांतही असा एखादा आनंद मुकाट बसलेला असेल, हे शिक्षकाने विसरू नये.