शेवटच्या रांगेची कुळकथा

१८५१ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन वारले आणि विष्णुदास भावे यांच्या नाटक मंडळीचा आश्रय तुटला. आठ वर्षांपूर्वी, १८४३मध्ये, त्यांच्याच सांगण्यावरून भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले होते. संस्थान पोसत होते तोवर समोर किती माणसे बसली आहेत, याची काळजी नटांना नव्हती. आता सामान बांधून गावोगाव हिंडण्यावाचून इलाज राहिला नाही. १८५३मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात भाव्यांनी तिकीट लावून खेळ केले. आज एखादा पॉप गायक आपला रंगमंच, दिवे, नर्तक आणि आतषबाजी बरोबर घेऊन देशोदेशीची स्टेडियम भरवत फिरतो. त्या प्रकाराचे मराठी मुलखातले मूळ शोधायला गेले, तर या तिकिटापाशी येऊन थांबावे लागते.

तिकीट आले की कुंपण येते. कुंपणाचा, जागेचा आणि मंडळीच्या पोटाचा खर्च निघायचा तर आत जास्तीत जास्त माणसे बसवावी लागतात. माणसे वाढली की शेवटची रांग लांब जाते. तिथे बसलेल्यानेही पैसे मोजलेले असतात. त्याला ऐकू आले पाहिजे आणि दिसलेही पाहिजे. स्टेडियममधल्या गाण्याच्या कार्यक्रमाला नाटकाचे रूप आले ते या लांबच्या प्रेक्षकामुळे.

भाव्यांच्या खेळात गाणे सूत्रधाराकडे असे आणि पात्रे त्यावर अभिनय करीत. राक्षस आला की तलवारी परजत असा आरडाओरडा होई, की या नाटकांना ‘अललडुर्र’ हेच नाव पडले. पुढच्या पिढीच्या सुशिक्षितांना हा प्रकार ओबडधोबड वाटला. पण मशालींच्या उजेडात, ध्वनिक्षेपकाशिवाय, मागे बसलेल्याला राक्षस आल्याचे कळवायचे तर याहून खात्रीचा उपाय कोणता होता? लळितात आणि दशावतारात त्यासाठी राळ उडवत. पेटत्या मशालीवर राळेची पूड फेकली की क्षणभर भला मोठा जाळ उठतो, सगळा मंडप उजळतो आणि त्या उजेडात सोंग पुढे येते. आजच्या मैफलीत गाण्याच्या ठरलेल्या ठोक्यावर रंगमंचाच्या कडेने ज्वाळा उसळतात, त्यांचेही काम तेच आहे. त्या सोडायला आता यंत्र असते, एवढाच फरक.

कुंपणाआधीचीही एक रीत होती आणि ती जालन्यात अजून पाहायला मिळते. शहरातले मस्तगड ही १७२५ साली निजामुल्मुल्काच्या काळात काबीलखानाने बांधलेली गढी. चौकोनी आवार, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज आणि दरवाजावर फारसी शिलालेख. असा तट बांधला की आत कोणाला घ्यायचे हे धनी ठरवतो. याच शहरात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, त्याला मात्र तट नाही आणि दरवाजाही नाही. हत्तीवर राजा बसतो, रेवड्या उधळतो आणि मिरवणूक रस्त्यारस्त्याने फिरते. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा. इथे शेवटची रांग तयारच होत नाही, कारण सोहळा स्वतः प्रत्येकाच्या समोरून जातो. दूरच्या माणसाला दिसावे म्हणून रंगमंच वाढवत नेण्याऐवजी रंगमंचच हलवायचा, ही युक्ती फार जुनी आहे आणि आपल्या पालख्या, छबिने, रथोत्सव सारे तिच्यावरच चालतात. पण मिरवणुकीला तिकीट लावता येत नाही. म्हणून धंदा म्हणून फिरणाऱ्या मंडळींना ती वाट घेता आली नाही.

त्यांच्या मदतीला आली रेल्वे. हैदराबाद–मनमाड मीटरगेज मार्ग १९००च्या सुमारास पुरा झाला आणि मोसंबी-कापसाचे जालना एका बाजूने हैदराबादला, तर दुसऱ्या बाजूने मनमाडमार्गे मुंबईला जोडले गेले. बैलगाडीत चार पेट्या मावतात, मालगाडीच्या डब्यात राजवाडा मावतो. नाटक कंपन्यांनी हे ओळखले. त्याआधीच, १८८०मध्ये, पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले होते आणि गाणे सूत्रधाराकडून पात्रांच्या तोंडी गेले होते. श्रोते आता कथेइतकेच गायकासाठी येऊ लागले. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांनी गाण्याभोवती असे वैभव उभे केले, की आजच्या कोणत्याही मोठ्या टूरच्या निर्मात्याने ते अभ्यासावे. भरजरी शालू, खरे अलंकार, मखमली पडदे, अत्तराचा शिडकावा आणि साथीला अव्वल वादक. १९२०च्या ‘द्रौपदी’साठी मयसभेचा देखावा उभारला तो इतका खर्चिक, की कंपनी कर्जात रुतत गेली. ‘वन्स मोअर’च्या गजरात नाटक पहाटेपर्यंत लांबे. स्त्रीभूमिकेतल्या बालगंधर्वांच्या पातळ नेसण्याची, केसांत गजरा माळण्याची नक्कल घरोघरच्या स्त्रिया करू लागल्या.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. सर्वांत वरचे तिकीट शंभर रुपये होते. नोकरदाराचा महिन्याचा पगार पुरला नसता अशी ही रक्कम. एका सत्कार्यासाठी, दोन तारे, एकच रात्र, न परवडणारे तिकीट आणि तरी भरलेले घर: पुढे जगभर गाजलेल्या निधी-मैफलींचा सारा आराखडा इथे तयार होता.

केशवरावांच्या नावाशी याहून मोठी गोष्ट जोडलेली आहे. युरोपच्या दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान बांधले. गोलाकार उतरत्या बैठका आणि मधोमध लाल मातीचा आखाडा. याच खासबागेत केशवरावांनी ‘मृच्छकटिक’चा प्रयोग उघड्यावर, हजारो माणसांपुढे, निव्वळ गळ्याच्या बळावर केला, अशी आठवण कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. मराठी गाणे क्रीडांगणात गेले ते तेव्हा. मैदानाला लागून असलेले, महाराजांच्या काळचे पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्याच नावाने ओळखले गेले. ऑगस्ट २०२४मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्याला आग लागली, तेव्हा शहरातली माणसे रस्त्यावर उभी राहून रडली.

नाटक कंपन्या बोलपटांपुढे टिकल्या नाहीत. कुंपण, फिरस्ती आणि गाणे ही तिन्ही सूत्रे सांभाळली ती तमाशाने. तंबूचा तमाशा म्हणजे अख्खे गाव ट्रकमध्ये भरून निघालेले. कनाती, बांबू, लोखंडी सांगाडे, फळ्या, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी, शंभर-सव्वाशे माणसे. दुपारी मोकळ्या माळावर काही नसते. संध्याकाळी तिथे तंबू, रंगमंच, तिकिटाची खिडकी आणि मागे कलावंतांच्या राहुट्या. पहाटे खेळ संपला की सारे उतरवायचे आणि पुढच्या गावी पुन्हा ठोकायचे. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत चालतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी ठरवतात. स्टेडियम टूरचे व्यवस्थापक ज्याला आपली सर्वांत अवघड विद्या मानतात, ते रोजचे उभारणे आणि उतरवणे, भाऊ-बापू मांग नारायणगावकर, काळू-बाळू, दत्तोबा तांबे यांच्या फडांनी गरिबीत, उन्हापावसात पिढ्यान्‌पिढ्या केले. विठाबाई नारायणगावकर राहुटीत बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. तिकीट काढून बसलेले लोक बाहेर थांबले होते.

तमाशाचा आवाज लांब कसा पोचे, हे पाहण्यासारखे आहे. खेळाआधी हलगी कडाडते. तिचे चामडे शेकून ताणलेले असते, त्यामुळे तिचा टणत्कार पलीकडच्या वस्तीपर्यंत जातो आणि जाहिरातीचे काम तिथेच होते. मग ढोलकी. गाणारी ओळ टाकते, आणि मागे उभा असलेला सुरत्या कानावर हात ठेवून ‘जी जी रं’ची झील वरच्या पट्टीत उचलतो. मुख्य आवाजाला दम घ्यायला अवसर मिळतो आणि सूर तुटत नाही. माइक येण्यापूर्वी मागच्या रांगेसाठी केलेली ही पक्की सोय होती. खेळाची बांधणीही त्याच विचाराने झाली. गण, गौळण, बतावणी, मग वग. प्रत्येक भागाचा रंग वेगळा, कपडे वेगळे, लय वेगळी, म्हणजे रात्रभर बसलेला माणूस पेंगत नाही. टेलर स्विफ्टच्या मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळात १४९ प्रयोग झालेल्या ‘इराज’ टूरमध्ये तीन तासांहून अधिक वेळ असाच भागाभागांत कापलेला होता. दर भागाला नवा पोशाख, नवा देखावा, नवा रंग. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नाही. समोरचा प्रश्न मात्र एकच होता.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न उशिरा आणि एकदम आला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे ५५,००० हून अधिक माणसे होती. अर्ध्या तासाच्या त्या कार्यक्रमात किंकाळ्यांपुढे गाणे धड ऐकू आले नाही, आणि पुढच्याच वर्षी बीटल्सनी दौरे कायमचे थांबवले. आधी आवाजाचा प्रश्न सोडवावा लागला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर बसलेल्याला गायकाचे ओठ आधी दिसतात आणि शब्द जवळजवळ तीन दशांश सेकंदाने ऐकू येतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर आणखी कर्ण्यांचे मनोरे उभारतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे मुख्य रंगमंचावरून येणारा सूर आणि मनोऱ्यातला सूर कानाशी एकत्र पोचतात. मग नजरेचा प्रश्न. १९७४मध्ये डेव्हिड बोवीने रंगमंचावर पडके शहर उभारले आणि यांत्रिक हातावर बसून श्रोत्यांच्या डोक्यावरून गायला. १९८०-८१मध्ये पिंक फ्लॉइडने गाणी चालू असतानाच पुठ्ठ्याच्या विटांची भली मोठी भिंत रचली. तो डोलारा एवढा अवजड होता, की दौरा चारच शहरांत होऊ शकला.

मुंबईला हे सारे एकत्र दिसले १ नोव्हेंबर १९९६ रोजी, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. मायकेल जॅक्सनचा ‘हिस्टरी’ दौरा सप्टेंबरमध्ये प्राग शहरात सुरू झाला होता. विमानतळावर सोनाली बेंद्रेने मराठमोळ्या वेशात त्याला ओवाळले, तो ‘मातोश्री’वर जाऊन आला, आणि कार्यक्रम शिव उद्योग सेनेच्या निधीसाठी झाला. अवकाशयानातून अवतरणारा गायक आणि ‘अर्थ साँग’मध्ये रंगमंचावर येणारा रणगाडा घरी टीव्हीसमोर बसलेल्या महाराष्ट्रालाही नवा होता. करमणूक कर माफ केल्याचा वाद मात्र न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला. जानेवारी २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती माफी मंजूर केली, तेव्हा जॅक्सन जाऊन अकरा वर्षे झाली होती.

तरी त्या रात्रीला मराठी मैदानावरचा पहिला भव्य खेळ म्हणता येणार नाही. बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ १९८०च्या दशकापासून हत्ती, घोडे, उंट आणि शेकडो कलावंत घेऊन गावोगावची मैदाने भरवत होते. बहुमजली किल्ल्याचा देखावा, आणि संवाद-गाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेली. मैदानात शेकडो जणांना एका वेळी हलवायचे तर ध्वनीची फीत हाच सूत्रधार लागतो. भाव्यांच्या खेळात सूत्रधार गायचा आणि पात्रे त्यावर हालचाली करायची, ती पद्धत दीडशे वर्षांनी यंत्राच्या रूपाने परत आली. आजच्या स्टेडियम मैफलीतही दिवे, ज्वाळा, पडद्यावरची चित्रे आणि नर्तक एका आधी बांधलेल्या तालपट्टीला जुंपलेले असतात.

जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कार्यक्रम केले, तेव्हा प्रत्येक प्रेक्षकाच्या मनगटावर दूरनियंत्रणाने पेटणारी पट्टी होती. गाण्याबरोबर सारे स्टेडियम एका रंगात उजळे, लगेच दुसऱ्या. दीडशे वर्षे मागच्या रांगेपर्यंत काहीतरी पोचवण्याची धडपड चालली होती. इथे त्या रांगेलाच देखाव्यात घेतले. ही कल्पना सुंदर आहे आणि तिचे कौतुक मोकळ्या मनाने करायला हवे.

पण एवढे अवजड सामान जालन्यासारख्या गावी येत नाही. डिसेंबर २०२३मध्ये जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. प्रेक्षकच मैफलीकडे जातो. जालन्याच्या आसपासच्या जत्रांना आजही येतात ते तमाशाचे फड, आणि त्यांची अडचण रोकडी आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे लावता येत नाहीत. सरकारने वर्षातल्या मोजक्या दिवसांना सूट दिली, तर मध्यरात्रीपर्यंत. झोपणाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी हा नियम गरजेचाच आहे. नेरूळची मैफल संध्याकाळी सुरू होऊन दहाच्या आत आवरते, तिला त्याची झळ बसत नाही. तमाशाचा प्रेक्षक शेतातून परत येऊन, जेवून, नऊनंतर तंबूत शिरतो. गण आणि गौळण होईतो दहा वाजतात आणि वग, म्हणजे ज्यासाठी बाकीचे सगळे रचलेले, तो कापावा लागतो. फडमालक वर्षानुवर्षे वेळ वाढवून मागत आहेत. गावाबाहेरच्या माळावर, वस्तीपासून पुरेशा अंतरावर लागणाऱ्या तंबूंसाठी वेगळी तरतूद करणे शासनाला अशक्य नाही.